जिंकणाऱ्याचा राग का येतो?

व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा आम्ही बोनस, कंत्राटी कामगार किंवा नवे कामगार कायदे यांपैकी काहीतरी सांगू अशी त्यांची समजूत असावी. आम्ही ‘सायकलची शर्यत’ असे म्हणताच त्यांनी तोच प्रश्न पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली. त्यांचा दोष नाही. आमचे शिक्षण आठवीपर्यंतचे, उमेदवारी लेथवर झालेली, आणि पुढली तीस वर्षे कारखान्यांच्या फाटकांवर सभा घेण्यात गेली. आम्ही सायकलवर बसलो ते पहिल्या पाळीचा भोंगा चुकू नये म्हणून. तरी युरोपातील धंदेवाईक सायकलशर्यतींचा नाद आम्हांला लागला आहे खरा, आणि त्याला कारण झाले एक चित्र. पुण्याच्या जुन्या बाजारात एका इंग्रजी मासिकाच्या फाटक्या अंकात ते आम्हांला मिळाले. त्याची हकीकत पुढे येईलच.

प्रश्न साधा आहे. एखादा माणूस आपल्या कामात सर्वांत श्रेष्ठ असतो, कष्ट करतो, आणि वारंवार जिंकतो. मग रस्त्याच्या कडेला उभे असलेले लोक त्याला शिट्ट्या मारून हिणवतात का? आणि जो हरतो त्याला डोक्यावर घेऊन का नाचतात? कुस्तीत, क्रिकेटात, राजकारणातही हे थोडेफार दिसते. पण सायकलशर्यतीत ते जितके उघडे पडते तितके अन्यत्र क्वचित. तेथे प्रेक्षक आणि स्वार यांच्यामध्ये जाळी नाही, तिकीट नाही, पोलिसांची रांगही बहुतेक ठिकाणी नाही. हात लांब केला तर जिंकणाऱ्याला शाबासकी देता येते, आणि ठोसाही मारता येतो.

ठोसा मारला गेलाही. ११ जुलै १९७५ रोजी मध्य फ्रान्समधील प्युई द दोम या मृत ज्वालामुखीचा चढ चढत असताना एडी मर्क्स या बेल्जियन स्वाराच्या पोटाच्या बाजूला गर्दीतल्या एका माणसाने गुद्दा हाणला. मर्क्स वर पोहोचला, श्वास सावरला, आणि परत खाली येऊन त्याने तो माणूस पोलिसांना दाखवून दिला. पुढे न्यायालयात त्याला नुकसानभरपाई मिळाली ती नाममात्र एक फ्रँक. मर्क्सने त्यापूर्वी टूर द फ्रान्स ही शर्यत १९६९, ७०, ७१, ७२ आणि ७४ अशी पाच वेळा जिंकली होती. सहावी जिंकली असती तर विक्रम झाला असता. तो होऊ नये असे वाटणारे लोक त्या डोंगरावर पुष्कळ होते. एकाने हात उचलला एवढेच.

ही शर्यत चालते कशी हे जाणल्याखेरीज या रागाचा उलगडा होत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. टूर द फ्रान्स १९०३ साली सुरू झाली ती एका क्रीडा दैनिकाचा खप वाढावा म्हणून. आघाडीवरच्या स्वाराचा सदरा पिवळा असतो. तो १९१९ पासून आला, आणि ते वर्तमानपत्र पिवळ्या कागदावर छापले जाई म्हणून तोच रंग निवडला गेला, असे सांगतात. शर्यत तीन आठवड्यांची. रोज दीड-दोनशे किलोमीटर. सगळ्या दिवसांचा वेळ मिळवून ज्याची बेरीज सर्वांत कमी, तो विजेता. स्वार संघांत विभागलेले असतात, आणि संघात एक नायक व बाकीचे त्याचे गडी. हा शब्द आमचा नव्हे. फ्रेंच भाषेत या सहकाऱ्यांना जे नाव आहे त्याचा अर्थच घरगडी असा होतो. पुढच्या सायकलच्या आडोशाला राहिले की वाऱ्याचा मार चुकतो आणि मागच्याची शक्ती पुष्कळ वाचते. म्हणून गड्यांनी पुढे राहून वारा खायचा, नायकाला पाणी आणून द्यायचे, त्याचे चाक पंक्चर झाले तर आपले काढून द्यायचे. नायक जिंकला म्हणजे रिवाजाने तो बक्षिसाची रक्कम या गड्यांत वाटून टाकतो. त्याला स्वतःला मिळकत दुसरीकडून होते.

याखेरीज घोळक्याचे म्हणून काही अलिखित नियम आहेत. शर्यत एखाद्याच्या गावावरून जात असेल तर त्याला थोडा पुढे जाऊ द्यायचे. त्याने आईला, बायकोला भेटून घ्यावे आणि पुन्हा येऊन मिळावे. ज्याची एकूण बेरीज मागे पडली आहे असा स्वार एखाद्या दिवशी निसटून पुढे गेला तर पिवळ्या सदऱ्याने त्याचा जीव घेऊन पाठलाग करू नये. त्या एका दिवसाच्या विजयावर त्याचे पुढील वर्षाचे कंत्राट ठरत असते. मोठ्याने मोठे घ्यावे, धाकट्याला काही सोडावे, असा हा व्यवहार. कोणी लिहून दिलेला नाही. पण कारखान्यात जसे न लिहिलेले कायदे लिहिलेल्यांहून कडक असतात तसेच हे.

मर्क्सने हे कायदे पाळले नाहीत असे म्हणण्यापेक्षा ते त्याला पाळताच येत नव्हते असे म्हणणे बरे. १९६९ च्या टूरमध्ये पिरेनीज पर्वताच्या टप्प्याला तो निघाला तेव्हा त्याच्याकडे सुमारे आठ मिनिटांची आघाडी होती. त्या वेळी शहाणा स्वार गुपचूप घोळक्यात राहून पॅरिसची वाट धरतो. मर्क्स तूरमाले या घाटाच्या माथ्यावर निसटला आणि सुमारे १४० किलोमीटर एकटा जाऊन मूराँक्स गावी पोहोचला. बाकीचे आले ते जवळजवळ आठ मिनिटांनी. त्याच घाटात त्याचाच एक गडी, फान डेन बोशे, माथ्यावर पहिला पोहोचण्याच्या बेतात होता. तो पुढील वर्षी दुसऱ्या संघात जाणार आहे हे मर्क्सला नुकतेच कळले होते. मर्क्सने तेवढा मानही त्याला लाभू दिला नाही. ती शर्यत त्याने १७ मिनिटे ५४ सेकंदांनी जिंकली. पिवळा सदरा त्याचा, घाटांचा मान त्याचा, गुणांचा सदराही त्याचाच. पुढे एका फ्रेंच स्वाराने घरी आपल्या लहान मुलीला सांगितले, की हा माणूस आम्हांला चतकोरही शिल्लक ठेवत नाही. मुलगी म्हणाली, म्हणजे तो नरभक्षकच की! ते नाव मर्क्सला कायमचे चिकटले.

येथे आम्हांला आमच्या उमेदवारीतली एक गोष्ट सांगणे भाग आहे. १९९०-९२ च्या सुमारास आम्ही एका इंजिनिअरिंग कारखान्यात होतो. कामाचा दर नगावर होता. पाळीला ऐंशी नग काढायचे, असे सर्वांनी मिळून न बोलता ठरवले होते. आमच्या शेजारच्या लेथवर सातारा जिल्ह्यातला एक गृहस्थ आला आणि एकशे वीस, कधी एकशे तीस नग काढू लागला. तीन महिन्यांनी हातात घड्याळ घेतलेला माणूस त्याच्यामागे उभा राहिला, आणि पुढच्या महिन्यात सगळ्यांचा दर उतरला. त्या माणसाशी बोलू नये, त्याच्या पंगतीला डबा उघडू नये, असा ठराव कोणी केला? आम्ही केला. आमचे वय विशीचे, युनियनचे रक्त नवे. एकदा पाण्याच्या टाकीपाशी तो आम्हांला एवढेच म्हणाला, ‘अरे, मला सावकाश जमतच नाही रे. हात थांबत नाही.’ आम्ही तोंड फिरवले. मर्क्सविषयी वाचताना प्रत्येक पानावर आम्हांला हा माणूस दिसतो.

तेव्हा दराचा हिशेब हे एक कारण झाले. जो सर्वच घेतो त्याच्यामुळे इतरांचा दर उतरतो, हे घोळक्यातल्या स्वाराला कळते आणि कडेला उभ्या असलेल्या कामकरी माणसालाही न सांगता कळते. पण मर्क्सला पहिल्या वर्षी कोणी हिणवले नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. १९६९ च्या जूनमध्ये इटलीच्या शर्यतीत तो आघाडीवर असताना सव्होना येथे उत्तेजक द्रव्याच्या तपासणीत दोषी ठरून बाहेर काढला गेला. आपण काही घेतले नाही असे तो शेवटपर्यंत म्हणत राहिला, आणि हॉटेलच्या खोलीत रडत असलेले त्याचे छायाचित्र जगभर गेले. त्यानंतर सुमारे दीड महिन्याने तो टूर जिंकला तेव्हा फ्रेंच लोकांनीही टोप्या उडवल्या. बेल्जियमला तर तीस वर्षांनी विजेता मिळाला होता; १९३९ नंतर प्रथमच. तो पॅरिसला पोहोचला तो २० जुलैचा दिवस, म्हणजे ज्या दिवशी माणूस चंद्रावर उतरला तोच. पहिला विजय कौतुकाचा, दुसरा मानाचा, चौथा-पाचवा मात्र कंटाळ्याचा. माणूस तोच, कष्ट तेच. बदलले ते पाहणाऱ्याचे मन. १९७३ साली टूरच्या चालकांनीच सुचवले, की यंदा तू न आलास तर बरे. तो त्या वर्षी स्पेन व इटलीच्या शर्यती जिंकून घरी राहिला. (आपल्याच देशातही त्याला सर्व बाजूंनी सुख नव्हते. ब्रुसेल्सजवळ किराणा दुकानदाराच्या घरी वाढलेला हा फ्लेमिश मुलगा. लग्नाचा विधी फ्रेंच भाषेत झाला म्हणून काही फ्लेमिश मंडळी नाराज झाली. सीमाभागातल्या आमच्या श्रोत्यांना हे अधिक सांगावयास नको.)

आता याच्या उलट बाजूकडे वळू, कारण राग समजण्यासाठी प्रेम कोणावर बसते हे पाहावे लागते. मर्क्सच्या आधीचा सम्राट झाक आंकतील. नॉर्मंडीतल्या स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा. १९५७ आणि पुढे १९६१ ते ६४, अशा पाच टूर त्याने प्रथम जिंकल्या. त्याची सायकलवरची बैठक इतकी सुंदर, की पाठीवर पाण्याचा पेला ठेवला तर सांडणार नाही असे वाटावे. एकट्याने घड्याळाविरुद्ध धावण्याच्या टप्प्यात तो मिनिटे मिळवी, आणि घाटांत ती फक्त राखी. १९६१ साली पहिल्याच दिवशी त्याने पिवळा सदरा मिळवला आणि पॅरिसपर्यंत कोणाला शिवू दिला नाही. घर बांधणारा गवंडी जसा ओळंब्याने काम करतो तसे त्याचे काम. लोकांनी शिट्ट्या मारल्या.

त्याच्यासमोर रेमों पुलिदोर. लिमुझाँ प्रांताच्या बाजूचा, दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणाऱ्या कुटुंबातला. उन्हाने रापलेला चेहरा, घामाने निथळणारा. त्याने टूर आठ वेळा पहिल्या तिघांत संपवली: तीनदा दुसरा, पाचदा तिसरा. आणि पिवळा सदरा? एक दिवसही नाही. चौदा वेळा टूरला येऊन एक दिवससुद्धा नाही! फ्रान्सने त्याच्यावर जेवढे प्रेम केले तेवढे क्वचित कोणा विजेत्यावर केले असेल.

१९६४ ची गोष्ट घ्या. मोनॅकोच्या टप्प्यात पुलिदोर रेषेवर पहिला आला आणि थांबण्याच्या बेतात होता. पण ती शेवटची फेरी नव्हती, आणखी एक फेरी बाकी होती. टप्पा आंकतीलने जिंकला आणि त्याबद्दल मिळणारे एक मिनिट वजा करून घेतले. पुढे तूलूझच्या वाटेवर पुलिदोरचे चाक बिघडले. बदलून दिल्यावर त्याच्याच मदतनिसाने त्याला इतक्या उत्साहाने ढकलले की तो पडला. मग १२ जुलै रोजी प्युई द दोमच्या चढावर दोघे खांद्याला खांदा लावून, अक्षरशः कोपर कोपराला घासत, वर गेले. दोन्ही बाजूंना लाखो माणसे. शेवटच्या काही शे मीटरांत आंकतील मागे पडला. पण चौदा सेकंदांनी सदरा त्याच्याकडेच राहिला. पॅरिसला त्याने शर्यत जिंकली ती ५५ सेकंदांनी. मोनॅकोचे ते एक मिनिट आठवावे, म्हणजे हिशेब लागतो.

लोकांनी काय पाहिले? पुलिदोरचे दुर्दैव पाहिले, घाम पाहिला. हिशेबाची एक चूक त्याच्या पदरी होती हे विसरले. आमचे मत येथे लोकांच्या विरुद्ध आहे, आणि ते आम्ही स्पष्ट सांगतो. घाम दिसला म्हणजेच कष्ट, ही आपली कामगारांचीसुद्धा एक खोड आहे. ज्याचे काम हलक्या हाताने होते त्याला आपण आळशी समजतो, आणि जो धापा टाकतो त्याला प्रामाणिक. आंकतीलच्या पायांतही वेदना तेवढीच होती. त्याने ती चेहऱ्यावर येऊ दिली नाही. दाखवली असती तर कदाचित टाळ्या मिळाल्या असत्या.

आणि टाळ्यांना मोल होते, हे कित्येकांना ठाऊक नसते. त्या काळी स्वाराची खरी कमाई टूरमध्ये होत नसे. टूर संपली, की ऑगस्टमध्ये गावोगावी चौकाला फेऱ्या घालण्याच्या शर्यती भरत. आपल्याकडे तमाशाच्या फडाला यात्रेची सुपारी मिळते तशी तेथे स्वाराला हजेरीची सुपारी मिळे. मध्ये दलाल असत: एक दूसे, दुसरा पिएल. आंकतील दूसेकडे, पुलिदोर पिएलकडे. गाव सुपारी देई ती लोकांना कोण हवा ते पाहून. त्यामुळे सदरा एकदाही न घातलेल्या पुलिदोरची बिदागी पाच वेळा जिंकलेल्या आंकतीलपेक्षा काही कमी नसे, आणि हे आंकतीलला झोंबे. १९५९ साली तर याच दलालीच्या राजकारणातून एक भानगड झाली. अँग्लाद नावाचा दुसऱ्या दलालाचा फ्रेंच स्वार जिंकला तर आपला बाजारभाव पडेल, म्हणून आंकतील व रिव्हिएर या दोघांनी बाहामोंतेस या स्पॅनिश स्वाराला जिंकू दिले, असा लोकांचा ग्रह झाला. पॅरिसच्या मैदानात त्यांचे स्वागत शिट्ट्यांनी झाले. आंकतीलने पुढे एक बोट घेतली आणि तिला ‘५९ च्या शिट्ट्या’ असे नाव दिले, असे सांगतात. हे वाचून आम्हांला हसू आले, आणि थोडा आदरही वाटला.

तरी प्रेमाची भूक त्यालाही होती. १९६५ च्या मे महिन्यात, व्यवस्थापक जेमिनियानी याच्या सूचनेवरून, त्याने आल्प्समधली आठवड्याभराची दोफिने शर्यत जिंकली, पुलिदोरला दुसरा टाकून. त्याच संध्याकाळी विमानाने बोर्दोला गेला, आणि मध्यरात्री बोर्दो ते पॅरिस या साडेपाचशे किलोमीटरांहून मोठ्या शर्यतीला उभा राहिला. पहाटे त्याच्या पोटात कळा येत होत्या, सोडून देण्याच्या गोष्टी चालल्या होत्या. तीही त्याने जिंकली. तेव्हा त्याच पॅरिसच्या मैदानात लोक उभे राहून ओरडले. पाच टूरनी जे दिले नाही ते एका रात्रीने दिले. कारण त्या रात्री प्रथम तो मोडण्याच्या बेतात आलेला लोकांना दिसला होता.

आता ते चित्र. जुन्या बाजारातल्या अंकात होते ते असे: शंभरएक स्वार सायकली हातात धरून रस्त्यावरून चालत येत आहेत, आणि सर्वांच्या पुढे फ्रान्सच्या विजेत्याचा तिरंगी पट्ट्यांचा सदरा घातलेला एक तरुण, हनुवटी पुढे काढलेला. तारीख १२ जुलै १९७८, गाव वालाँस दाजाँ. तो तरुण बर्नार इनो, ब्रिटनीतल्या रेल्वे कामगाराचा मुलगा, वय तेवीस, आणि त्याची ही पहिलीच टूर. टूरच्या चालकांनी एका दिवसात दोन दोन टप्पे ठेवण्याची पद्धत पाडली होती. गावे जास्त, म्हणजे गावांकडून मिळणारा पैसा जास्त. आदल्या रात्री डोंगरातून उशिरा परतलेल्या स्वारांना पहाटेच उठवले गेले. तेव्हा त्यांनी काय केले? सर्वजण मिळून इतके सावकाश गेले की तासाहून अधिक उशीर झाला, आणि रेषेच्या अलीकडे उतरून पायी चालत ती ओलांडली. टप्पा रद्द करावा लागला. आमच्या भाषेत हा ‘गो-स्लो’. सकाळपासून ताटकळलेल्या गावकऱ्यांनी त्यांना हिणवले, ही गोष्ट निराळी. १९२४ साली पेलिसिए बंधूंनी याच शर्यतीत, पहाटेच्या थंडीत घातलेला जादा सदरा दुपारी काढू देत नाहीत म्हणून, शर्यत सोडली होती, आणि अल्बेर लोंद्र या पत्रकाराला आपल्या पिशवीतल्या गोळ्या-औषधे दाखवून आपण कशा हालांत राबतो ते सांगितले होते. पण ती तिघांची गोष्ट. येथे सगळा घोळका होता. आम्ही ते चित्र चौकट करून युनियनच्या कचेरीत लावले.

इनोने ती टूर जिंकली. पुढे १९७९, ८१, ८२ आणि ८५ मध्येही. १९८० साली लिएज येथील बर्फातली शर्यत त्याने साडेनऊ मिनिटांनी जिंकली. १९८५ मध्ये पडून नाक मोडले तरी पिवळा सदरा पॅरिसला नेला. त्याच्यानंतर २०२५ पर्यंत एकही फ्रेंच माणूस ती शर्यत जिंकलेला नाही. असा आमचा हा पुढारी.

आणि मग काही वर्षांनी दुसरे छायाचित्र आमच्या पाहण्यात आले. मार्च १९८४, पॅरिस ते नीस ही शर्यत. दक्षिणेकडील ला सियोता येथील जहाज कारखान्याचे कामगार आपला कारखाना बंद पडू नये म्हणून रस्ता अडवून उभे आहेत. आघाडीचे स्वार उतारावरून येतात. इनो थांबत नाही; तो त्यांच्यात घुसतो, सायकलवरून उतरतो, आणि एका कामगाराला ठोसे लगावतो. त्याचा हात वर उचललेला आहे. तोच हात, तीच हनुवटी.

हे चित्र पाहून आम्ही बरेच दिवस अस्वस्थ होतो. कचेरीतल्या एका सहकाऱ्याने विचारले, ‘दादा, तुमचा पुढारी काढायचा का भिंतीवरून?’ आम्ही पुष्कळ विचार केला. आमच्या मते दोन्ही वेळी तो एकच गोष्ट करीत होता: माझ्या कामाच्या आड कोणी यायचे नाही. आड आला तो मालक असो की मजूर. त्याला संघटनेचे तत्त्व ठाऊक होते असे नव्हे. त्याला अपमान सहन होत नव्हता. आम्ही १९७८ च्या चित्रात आमच्या मनातला माणूस पाहिला, आणि १९८४ मध्ये तो आमच्या मनासारखा निघाला नाही म्हणून त्याचा राग केला. रस्त्याच्या कडेचा प्रेक्षक याहून वेगळे काय करतो? पुलिदोरमध्ये शेतकरी आपल्याला पाहतो, आंकतीलमध्ये आपल्या सावकाराला. स्वार बिचारा पायडल मारीत असतो. तरी एवढे सांगून आम्ही इनोला सोडून देत नाही. ला सियोताच्या त्या माणसांची नोकरी जात होती, आणि त्याचा गेला असता तो एका दिवसाचा निकाल.

अलीकडच्या काळात रागाला आणखी एक कारण जडले आहे, आणि ते खोटे म्हणता येत नाही. अमेरिकन लान्स आर्मस्ट्राँगने १९९९ ते २००५ अशा सात टूर जिंकल्या, आणि २०१२ साली उत्तेजक द्रव्यांमुळे सातही काढून घेण्यात आल्या. ज्यांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या त्यांना आपली फसवणूक झाली असे वाटले, आणि ज्यांनी शिव्या दिल्या त्यांना आपण शहाणे ठरलो असे. तेव्हापासून जो मोठ्या अंतराने जिंकतो त्याच्याकडे लोक आधी संशयाने पाहतात. २०१५ साली पिवळ्या सदऱ्यातल्या ख्रिस फ्रूमच्या अंगावर कोणी मूत्र फेकले. त्याच्यावर त्या वेळी काहीही सिद्ध झालेले नव्हते. एकाने केलेल्या चोरीचा दंड दुसऱ्याच्या पगारातून कापावा तसा हा प्रकार.

आजचा सम्राट स्लोव्हेनियाचा तादेय पोगाचार. २०२०, २०२१, २०२४ आणि २०२५ च्या टूर त्याच्या. २०२४ साली इटलीची शर्यतही, सहा टप्प्यांसह, आणि त्याच वर्षीचे जागतिक विजेतेपद, तेही अंतर सुमारे शंभर किलोमीटर उरले असताना हल्ला करून. कचेरीतली तरुण मुले मोबाइलवर शर्यत पाहतात आणि म्हणतात, यात आता काय राहिले आहे? इटलीच्या त्या शर्यतीत एका डोंगरावर पेलिझारी नावाचा वीस वर्षांचा इटालियन पोरगा दिवसभर पुढे होता. शेवटी पोगाचारने त्याला गाठले, मागे टाकले आणि तोही टप्पा घेतला. मुले चिडली. मग रेषेपलीकडे त्या पोराने पोगाचारकडे आठवण म्हणून त्याचा चष्मा मागितला; पोगाचारने चष्मा दिलाच, वर अंगातला गुलाबी सदरा काढून दिला. मुले पुन्हा खूश. पोरगा हसत होता हे आम्हीही पाहिले. पण टप्पा कोणाच्या नावावर लागला हेही आम्ही पाहिले, आणि सदरा देणे व टप्पा सोडणे यांत फरक आहे असे मुलांना सांगितले. बक्षिसी आणि पगारवाढ यांत असतो तेवढा.

मर्क्सची गोष्ट मात्र अर्धी राहिली. १९७५ च्या त्या ठोशानंतर दोनच दिवसांनी प्रा-लू येथे तो कोसळला आणि सदरा तेव्हने या फ्रेंच स्वाराकडे गेला. त्यानंतर एका सकाळी दुसऱ्या स्वाराशी टक्कर होऊन त्याच्या गालाचे हाड मोडले. घास चावता येईना. पातळ पदार्थांवर दिवस काढायचे. वैद्यांनी घरी जा म्हणून सांगितले. तो गेला नाही. पुढचे सगळे टप्पे पुरे करून, शाँझ-एलिझेच्या रस्त्यावर त्या वर्षी प्रथमच संपलेल्या टूरमध्ये तो दुसरा आला, २ मिनिटे ४७ सेकंदांनी मागे. आपण सोडून दिले तर दुसऱ्या क्रमांकाच्या बक्षिसातला गड्यांचा वाटा बुडेल, हे एक कारण त्याच्या मनात होते असे सांगतात. ज्या फ्रान्सने त्याला ठोसा मारला त्याच फ्रान्सने त्या आठवड्यात त्याला मनापासून टाळ्या दिल्या. तो हरत होता ना.

आमचा लेथवाला पुढे स्वेच्छानिवृत्ती घेऊन गावी गेला. सात-आठ वर्षांपूर्वी एका सभेसाठी आम्ही त्या बाजूला गेलो असता वाट वाकडी करून त्याच्या घरी गेलो. तो गोठ्यात होता. हात अजून तसेच भरभर चालत होते. त्याने हात धुतले, चहा ठेवायला सांगितला, कारखान्यातल्या जुन्या माणसांची चौकशी केली. ऐंशी नगांचा विषय आम्ही काढला नाही. त्यानेही काढला नाही.